पाण्यात किती?

शिट्टीमावशीला स्वतःला पोहता येतं का, अशी शंका त्या तलावावर दरवर्षी एखादा तरी नवखा काढायचाच. त्यात त्याचं काही चुकत नसे. बाई एकतीस वर्षं त्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर जीवरक्षक होती, पण लोक पाण्यात असताना तिला मजेनं हातपाय हलवताना कुणी पाहिलं नव्हतं. ती पाण्यात उतरायची ती कुणाला तरी ओढून काढायलाच, आणि तेही इतकं झटपट की बघणाऱ्याला तिचं पोहणं दिसायचंच नाही, काठावर आणलेलं माणूस तेवढं दिसायचं. मी पाण्यात गेले तर खुर्चीवर कोण, असं ती विचारायची. दुसरा रक्षक बसलाय की खुर्चीवर, असं कुणी म्हटलं तर ती त्या दुसऱ्या रक्षकाकडे अशी काही बघायची की तो बिचारा उगीचच पाठ ताठ करून बसायचा.

खरी मावशी ती एकाच माणसाची, तिकीटखिडकीत बसणाऱ्या भाचीची. पण भाची दिवसभर खिडकीतून तिला हाका मारायची, आणि मावशी झोपतानासुद्धा गळ्यातली शिट्टी काढत नाही अशी वदंता होती. या दोन्हींचं मिळून जे व्हायचं ते झालं. चार वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची ती शिट्टीमावशी झाली. स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. कार्यालयाच्या भिंतीवर तिचं प्रशस्तिपत्र होतं, तीस वर्षांच्या सेवेत एकही चूक नाही म्हणून वरच्या कचेरीनं दिलेलं. त्याची काच ती दर सोमवारी स्वतः पुसायची, आणि कुणी बघत असेल तर जरा जास्तच वेळ पुसायची.

तिच्या तलावावर एक रीत होती. ती कुठल्याही नियमपुस्तकात नव्हती, मावशीनंच पाडलेली होती. उंच खुर्चीवर बसलेल्या रक्षकाची पाळी संपली की पुढचा रक्षक खुर्चीखाली येऊन उभा राहायचा. लगेच वर चढायचं नाही. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी बघायचं आणि पाण्यात किती माणसं आहेत ते मोजून आकडा मोठ्यानं सांगायचा. वरच्यानंही मोजलेलं असायचं. दोन आकडे जुळले की वरचा म्हणायचा, "पाणी तुझं." खालचा म्हणायचा, "पाणी माझं." मगच वरच्यानं उतरायचं. आकडे जुळले नाहीत तर जुळेपर्यंत पुन्हा मोजायचं, मग घरी जायची बस चुको नाहीतर आभाळ कोसळो. नवी पोरं पहिल्या आठवड्यात या प्रकाराला हसायची. दुसऱ्या आठवड्यात हसायची नाहीत.

पण रीत कितीही चांगली असली तरी ती पाळायला माणसं लागतात, आणि त्या वर्षी घोडं तिथंच अडलं. कुणी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, कुणी हॉटेलच्या तलावावर मऊ काम बघितलं, कुणाच्या गुडघ्यांनी हात टेकले. मावशी धरून रक्षक उरले दोन. वरच्या कचेरीचं पत्र आलं की सुट्ट्यांच्या मोसमासाठी तलाव उघडण्याच्या दिवशी सहा परीक्षा पास झालेले रक्षक हजर नसतील, तर मोठा तलाव या वर्षी बंद राहील. फक्त लहान मुलांचा गुडघाभर पाण्याचा तलाव चालवावा.

मावशीनं ते पत्र तीन वेळा वाचलं आणि घडी घालून ब्लाउजात खोचलं. गुडघाभर पाण्यावर शिट्टी फुंकत बसायचं म्हणजे तिच्या लेखी बदकं राखण्यासारखं होतं. तिनं कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर मोठी पाटी लावली, रक्षक पाहिजेत. दरवर्षी ती तिथंच लावायची. दरवर्षी पोहण्याच्या क्लबातली दोन-चार उंचपुरी पोरं यायची, एक मोसम काढायची आणि पुढच्या शिक्षणाला निघून जायची. या वर्षी तीही आली नाहीत.

भाचीनं पंधरा दिवस गंमत बघितली आणि मग तोंड उघडलं. पाटी वाचणार कोण, तिनं विचारलं. जे आधीच पोहतात तेच इथं येतात, आणि त्यांनी ती दहा वेळा वाचलीय. मग तिनं खिडकीतून समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे आठ उंच इमारती उभ्या होत्या. माणसं किती तर मुंग्यांसारखी, कुठून कुठून आलेली, एका जिन्यावर पाच भाषा. त्यांच्या खिडक्यांतून तलावाचं निळं पाणी रोज दिसायचं, पण तिकीट काढून आत येणारं त्यांच्यातलं माणूस भाचीनं वर्षात दहा वेळाही बघितलं नव्हतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," भाची म्हणाली.

"त्यांना पोहता येत नाही," मावशी म्हणाली.

"आणि तू आईच्या पोटातून पोहत बाहेर आली होतीस?"

मावशी चिडली. पण दुसऱ्या दिवशी पाटी बगलेत मारून रस्ता ओलांडून गेली.

दोन दिवस तिथं तिची डाळ शिजली नाही. बायका दारातूनच हसून मान हलवायच्या. पोरं म्हणायची, मावशी, आम्हाला पाण्याचं वावडं आहे. तिसऱ्या दिवशी पाय दुखले म्हणून ती इमारतींमधल्या खेळाच्या मैदानावर एका बाकावर टेकली, आणि तिला ती मुलगी दिसली.

अठराएक वर्षांची असेल. मांडीवर कॉलेजचं जाडजूड पुस्तक, पायाशी तीन-चार जोडी पोरांच्या चपला. मैदानावर मुलांचा नुसता धुडगूस चालला होता. मुलगी दोन ओळी वाचायची, मान वर करायची, नजर घसरगुंडीवरून झोपाळ्यावर, झोपाळ्यावरून फाटकावर जायची, ओठ हलायचे, मान पुन्हा खाली. मावशीनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. दहा-बारा सेकंदांत एकदा, अगदी नेमानं. मग एकदा ओठ मध्येच थांबले. मुलीनं पुस्तक मिटलं, न धावता, न ओरडता पाण्याच्या टाकीमागे गेली आणि एका पोराला कान धरून बाहेर आणलं. टाकीवर चढायच्या बेतात होतं ते. मावशीच्या अंगावर काटा आला. क्लबातल्या पोरांना वर्षानुवर्षं ओरडून जे येत नव्हतं, ते ही मुलगी परीक्षेचा अभ्यास करता करता करत होती.

मावशी उठून तिच्यापाशी गेली. नाव नाही, गाव नाही, तिनं एकच विचारलं. "किती?"

"अकरा," मुलगी म्हणाली. काय किती, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. मग फाटकाकडे बघून म्हणाली, "आता बारा. तो निळ्या शर्टवाला आत्ता आला."

"पोहता येतं?"

"नाही."

"चालेल. पोहायला कुणालाही शिकवता येतं. बघायला नाही शिकवता येत."

त्या दिवसापासून मावशीनं तिचं नाव मोजणी ठेवलं. मोजणीनं तिची तीन भावंडं आणि शेजाऱ्यांची आठ पोरं सांभाळता सांभाळता इमारतींतल्या निम्म्या लोकांची नस ओळखली होती. तिनंच बाकीचे तिघे आणले. शिंप्याच्या दुकानातला एक मुलगा, ज्याला चार भाषांत गिऱ्हाइकाशी भांडता यायचं. एक लांबलचक मुलगी, जी बोलताना अडखळायची आणि म्हणून बोलायचीच नाही. मावशीनं तिच्या हातात शिट्टी दिली आणि सांगितलं, ही अडखळत नाही. आणि तिसरी, डोकं आणि हातपाय झाकून वावरणारी, जिनं आल्या आल्या स्पष्ट विचारलं की मला हे असंच राहायचंय, तुमच्या गणवेशात ते बसतं का. गणवेश माणसात बसवायचा असतो की माणूस गणवेशात, असं मावशी स्वतःशीच पुटपुटली आणि शिंप्याच्या मुलाला कामाला लावलं. त्यानं पोहायच्या कापडाचा मनगटापर्यंत आणि घोट्यापर्यंत येणारा लाल-पिवळा पोशाख शिवला. तो इतका झकास झाला की लांबलचक मुलीनंही तसाच मागितला.

अडचण आली ती मोजणीच्या आईकडून. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करायची. हात सदा सोललेले, आवाज खालचा. पहिल्याच सकाळी ती मुलीला परत न्यायला तलावावर आली.

"आमच्या घरात पाण्यात कुणी उतरत नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ उतरला होता. नदीत. आला नाही परत."

मावशी एरवी कुणाला बोलू द्यायची नाही, पण तेव्हा तिनं आवाज खाली आणला. तिनं विचारलं, "काठावर कुणी नव्हतं?"

"सगळे होते की. वीस-पंचवीस माणसं होती. बघत कुणी नव्हतं."

"मग तुमच्या लेकीला मी तेच शिकवणार आहे."

आईनं लेकीचा धरलेला हात सोडला. ती म्हणाली की ठीक आहे, पण मी इथं बसणार. आणि ती खरंच बसली. रात्रपाळी संपवून थेट तलावावर यायची आणि प्रेक्षकांच्या बाकांवर पाण्याकडे पाठ करून, तोंड दरवाजाकडे करून बसायची. चौदा आठवडे रोज सकाळी तिनं तलावाचा दरवाजा बघितला, पाणी एकदाही बघितलं नाही.

चौघांचं शिकणं म्हणजे काय सांगावं. शिंप्याचा मुलगा पाण्याला सुई-दोऱ्यासारखा ओवायला बघायचा. मोजणी पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात काठाला अशी चिकटली की सोडवायला दोघं लागले. पालथ्या घड्यावर पाणी, असं मावशी दिवसातून चारदा म्हणायची आणि पाचव्यांदा स्वतः पाण्यात उतरून पोटाखाली हात धरायची. पण ती पाण्यात असे तेव्हा खुर्चीवर दुसरा जुना रक्षक असे, आणि मावशी शिकवता शिकवता दर मिनिटाला मान वळवून तो जागा आहे ना ते बघून घेई. पोरं आपसात हसायची की ही बाई पाण्यातही खुर्चीवरच बसलेली असते.

त्या सकाळच्या वेळात त्यांच्याशिवाय पाण्यात एकच माणूस असायचं, तरंगे आजोबा. म्हातारा रोज साडेसहाला यायचा, उडी मारायच्या फळीखालच्या कोपऱ्यात शिडीनं उतरायचा आणि पाठीवर पडून तासभर लाकडाच्या ओंडक्यासारखा तरंगायचा. हात नाही, पाय नाही. वीस वर्षं त्याचा हाच क्रम. भाची त्याच्याकडे तिकीटसुद्धा मागायची नाही. तलावाच्या सामानाची यादी केली तर दोऱ्या, फळ्या, आजोबा असं लिहावं लागेल, असं ती म्हणायची.

असं करता करता तीन महिने गेले. मावशीला तिघांची काळजी उरली नाही. मोजणीची होती. मुलगी बुडणार नव्हती, पण हळू होती. आठ फेऱ्या सहा मिनिटांत व्हायला हव्या होत्या, तिला सहा आणि वर काही सेकंद लागायचे. सेकंद रोज थोडे थोडे झडत होते. परीक्षेच्या आदल्या सकाळी बरोबर सहा मिनिटं झाली. चौघांपैकी एक जरी गळलं तरी सहा होत नव्हते, आणि पुढची परीक्षा मोसम अर्धा संपल्यावर होती. म्हणजे मोठा तलाव उघडायचा की नाही, हे या एका मुलीच्या हातापायांवर येऊन ठेपलं होतं.

परीक्षेला वरच्या कचेरीतून एक बाई आली. परीक्षक बाई कडक होती, पण आकसाची नव्हती. हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद, गळ्यात दोन घड्याळं. तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं की प्रत्येकाला वेळ ठरवून दिली आहे, पुकारल्यावर तीन मिनिटांत पाण्याशी हजर नसलेला उमेदवार बाद.

आधी नजरेची परीक्षा होती. उमेदवारानं वीस मिनिटं खुर्चीवर बसायचं आणि क्लबातली दहा-बारा पोरं पाण्यात वाटेल तसा गोंधळ घालणार, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. मोजणीची पाळी शेवटची होती. तिची वीस मिनिटं संपली, पोरं भराभर बाहेर पडून टॉवेल गुंडाळून चहाला पळाली. परीक्षक बाईनं मावशीला कागदांवर सह्या करायला टेबलापाशी बोलावलं आणि मोजणीचं नाव पुकारलं, आठ फेऱ्यांसाठी. मावशीनं सह्या करता करता दुरूनच हात हलवला, ये खाली.

मोजणी आली नाही.

मावशीनं पुन्हा हात केला. मुलगी खुर्चीवर तशीच बसून होती, नजर पाण्यावर. परीक्षक बाईनं घड्याळाची कळ दाबली. एक मिनिट गेलं. बाकावर पाठ करून बसलेल्या आईनं भाचीला विचारलं की काय झालं, आणि भाची म्हणाली, ती खुर्चीवरून उतरतच नाहीये. घाबरली पोरगी, मावशीच्या मनात आलं. चौदा आठवडे घासलं आणि ऐन वेळी कच खाल्ली. अडीच मिनिटं झाली तेव्हा मावशीचा पारा चढला आणि ती पाय आपटत खुर्चीखाली गेली.

"कान फुटले का तुझे?" ती म्हणाली. "बाई वेळ मोजतेय तिकडे. उतर."

"मावशी, तुम्ही आकडा सांगितला नाही," मोजणी म्हणाली. तिनं खाली बघितलं नाही. आवाज शांत होता, पण खुर्चीचा दांडा धरलेली बोटं पांढरी पडली होती.

"अगं, परीक्षा आहे ही. पाण्यात आहे कोण आता?"

"आकडा सांगा."

मावशीनं दात आवळले. वेळ घालवण्यापेक्षा सांगून मोकळं व्हावं म्हणून तिनं पाण्यावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी सपाट होतं, निळं होतं. "शून्य," ती म्हणाली.

"एक," मोजणी म्हणाली.

मावशीनं पुन्हा बघितलं. आणि मग उडी मारायच्या फळीच्या सावलीत, कोपऱ्यात, तिला ते पांढरं पोट दिसलं. तरंगे आजोबा. परीक्षा असो नाहीतर प्रलय, साडेसहा वाजले की म्हातारा येणार, आणि तो पोरांच्या गोंधळात शिडीनं उतरून आपल्या जागी पडला होता. मावशीनं त्याच्यावरून एकदा नजर फिरवली होती. तो तिला दिसलाही असेल. वीस वर्षं रोज दिसत होता, म्हणून तिनं त्याला मोजायचं सोडून दिलं होतं, आणि कधी सोडलं ते तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाला मोजायला शिकवणाऱ्या बाईनं पाण्यात जिवंत माणूस असताना शून्य म्हटलं होतं.

मावशीनं कोपऱ्यापर्यंतचं सगळं पाणी पुन्हा मोजलं. मग तिनं मान सरळ केली.

"एक," ती म्हणाली.

"पाणी तुमचं," मोजणी म्हणाली.

"पाणी माझं."

मोजणी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली आणि धावत पाण्याच्या टोकाशी गेली. परीक्षक बाईनं घड्याळ दाखवलं. चार मिनिटं झाली होती. उमेदवार बाद, तिनं पेन उघडत सांगितलं, नियम तो नियम.

मावशी आता खुर्चीवर होती, पाणी तिचं होतं, त्यामुळे तिला जागचं हलता येत नव्हतं. ती तिथूनच बोलली. तिचा आवाज तसाही शिट्टीपेक्षा कमी नव्हता.

"बाई, लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. पोरगी उशिरा आली ती माझ्यामुळे. पाण्यात माणूस होतं आणि मी शून्य मोजलं. तिनं एक मोजलं. ती खुर्ची सोडून आली असती तर मी तिला स्वतः नापास केलं असतं."

भाचीनं तोंडावर हात ठेवला. मावशीला चूक कबूल करताना तिनं बघितलं नव्हतं, आणि मावशीच्या बहिणीनं, म्हणजे भाचीच्या आईनंही बघितलं नसणार. परीक्षक बाई चालत कोपऱ्यापर्यंत गेली आणि वाकून पाण्यात बघितलं. तरंगे आजोबांनी एक डोळा उघडला आणि तिला विचारलं की काही पाहिजे का. बाई परत आली. तिनं एक कागद काढला, वर मावशीचं नाव लिहिलं, खाली चार ओळी लिहिल्या. मग दुसरा कागद काढला आणि मोजणीला म्हणाली की तुझी वेळ आता सुरू होईल, श्वास घे आधी.

मोजणी पोहली ते काही देखणं नव्हतं. पाणी उडत होतं, तिसऱ्या फेरीत ती तिरकी गेली, वळताना एकदा पाय निसटला. तिची आई दरवाजाकडे तोंड करून बसली होती आणि प्रत्येक फेरीला भाचीला विचारत होती, कुठं पोचली. अर्ध्यात, भाची सांगायची. वळली. आता इकडे येतेय. सातवी फेरी झाली आणि भाचीच्या तोंडून शब्दच फुटेना, तेव्हा आई उठून उभी राहिली आणि वळली. तिनं दोन्ही सोललेल्या हातांनी कठडा धरला आणि आपल्या लेकीला पाण्यातून येताना बघितलं, शेवटचा हात काठाला लागेपर्यंत बघितलं. पाच मिनिटं त्रेपन्न सेकंद. मग मोजणीनं दम न खाता बुडी मारली आणि परीक्षेसाठी तळाशी टाकलेला रबरी पुतळा काखेत धरून वर आणला. आई रडत होती, पण तिनं डोळे पुसले नाहीत. पुसताना तेवढा वेळ दिसलं नसतं.

चारही जण पास झाले. मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्वतःच्या प्रशस्तिपत्राचा तिला कधी एवढा अभिमान वाटला नव्हता, हे तिनं भाचीला तोंडानं सांगितलं, आणि भाचीनं ते पुढे निम्म्या गावाला सांगितलं. आठ दिवसांनी वरच्या कचेरीतून तिच्या चुकीच्या नोंदीची प्रत आली. भाची म्हणाली, ते जुनं प्रशस्तिपत्र आता उतरवूया का. मावशीनं उतरवू दिलं नाही. तिनं त्या नोंदीलाही चौकट करून घेतली आणि शेजारी टांगली. नव्या पोरांनी हे आधी वाचायचं, ती म्हणाली, मग ते.

तलाव उघडला त्या दिवशी पहिली पाळी मावशीची होती. दहा वाजेपर्यंत तलावावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. समोरच्या इमारतींतली इतकी माणसं आली की भाचीची तिकिटं दोनदा संपली. लांबलचक मुलगी उथळ टोकाशी शिट्टी तोंडात धरून फिरत होती. शिंप्याचा मुलगा काठावरून धावणाऱ्या पोरांना चार भाषांत दटावत होता. झाकल्या पोशाखातल्या मुलीभोवती इमारतींतल्या पाच-सहा पोरींचा घोळका होता आणि हा पोशाख कुठं मिळतो अशी चौकशी चालली होती. मोजणीची आई लहान मुलांच्या तलावाच्या काठावर पाय सोडून बसली होती. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. तरंगे आजोबा त्या दिवशी तास कधीच उलटून गेला तरी आपल्या कोपऱ्यात तरंगत होते.

अकराला मोजणी खुर्चीखाली येऊन उभी राहिली. लाल-पिवळा गणवेश, गळ्यात नवी शिट्टी. तिनं घाई केली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, ओठ हलले, मध्येच थांबले, पुन्हा हलले.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

"सत्तेचाळीस," मावशी म्हणाली. "आजोबा धरून."

"आजोबा धरून."

मावशीनं तोंड उघडलं. हजारो वेळा उच्चारलेले दोन शब्द, पण त्या दिवशी ते बाहेर यायला वेळ लागला. मोजणी खाली उभी राहून वाट बघत होती. तिला ठाऊक होतं की ते ऐकल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायचा नाही.

"पाणी तुझं," मावशी म्हणाली.

"पाणी माझं."

मावशी उतरली. भाचीला वाटलं आता ती चहाला येईल, म्हणून तिनं कपसुद्धा भरून ठेवला. पण मावशी कोपऱ्यातल्या शिडीकडे गेली. तिनं गळ्यातली शिट्टी काढली आणि दांड्याला अडकवली. मग सगळ्या तलावादेखत, भर गर्दीत, ती पाण्यात उतरली. कुणालाही वाचवायला नाही. तिनं दोन हात मारले, अगदी सावकाश, आणि तरंगे आजोबांच्या शेजारी जाऊन पाठीवर पडली. म्हाताऱ्यानं एक डोळा उघडून तिला बघितलं आणि थोडी जागा करून दिली.

वर खुर्चीवर मोजणीची नजर फिरत फिरत कोपऱ्यात आली. मावशीनं खालून बघितलं. मुलीचे ओठ हलले, आणि ते काय म्हणाले ते मावशीला त्या गोंगाटातही नेमकं कळलं. अठ्ठेचाळीस.

मावशीनं डोळे मिटले.